घरात सगळ्यांचा एकच ॲपल आयडी आहे, आता वेगळे करायचेत. विकत घेतलेल्या ॲप्सचं काय होईल?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते पण काल जे झालं त्यानंतर आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले.

आमच्या घरी माझा आयफोन, आईचा आयफोन, मुलीचा आयफोन (ती १५ ची) आणि मुलाचा आयपॅड (तो ११ चा), आणि या चारही ठिकाणी एकच ॲपल आयडी (म्हणजे ॲपलचं खातं, आता त्याला ॲपल अकाउंट म्हणतात), माझा. नवऱ्याकडे अँड्रॉइड आहे. एकच आयडी ठेवायचं कारण एवढंच की मी एखादं ॲप पैसे देऊन घेतलं की ते बाकीच्यांना परत विकत घ्यावं लागायचं नाही, माझा पासवर्ड टाकला की झालं. सात-आठ वर्षं असंच चाललंय आणि खरं सांगते, यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

काल दुपारी आई तिचा फोन साफ करत बसली होती. नंबरांच्या यादीत तिला भलतीच नावं दिसत होती, हे कोण, ते कोण, मी तर यांना ओळखत पण नाही, असं म्हणत म्हणत तिने साठ-सत्तर नावं उडवली. ती सगळी माझ्या कामाची माणसं. संध्याकाळी मला एकाला फोन करायचा होता तर नावच सापडेना, मग बघते तर अर्धी यादी गायब. आईला इतकं लागलं ते की रात्री नीट जेवली पण नाही. तिची काही चूक नाहीये हो, तिच्या फोनमध्ये तिला माहीत नसलेली माणसं होती तर ती काढणारच ना.

आणि हे एकच नाही. मुलीचे मैत्रिणींशी चाललेले मेसेज आजीच्या फोनवर दिसतात, त्यावरून मुलगी दोन दिवस बोलत नव्हती आणि तिचं बरोबर होतं. मला कुठे लॉगिन करायचं असलं की तो सहा आकडी कोड मुलाच्या आयपॅडवर पण उमटतो. फोटो सगळ्यांचे एकात एक मिसळलेत.

तर आता प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्यायचा ठरवलंय. पण भीती ही की मी इतक्या वर्षांत घेतलेली ॲप्स बाकीच्यांच्या फोनवरून जातील का? मुलं एक चित्रकलेचं ॲप रोज वापरतात, ते उतरवताना फुकट होतं पण आत पैसे भरून पूर्ण उघडलंय, ते दोघांना मिळेल का? आईचं बीपीच्या नोंदी ठेवायचं एक ॲप आहे, त्यात तिच्या चार वर्षांच्या नोंदी आहेत, त्या गेल्या तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही. नवऱ्याच्या अँड्रॉइडवर यातलं काही जाऊ शकतं का? आणि माझा भाऊ परदेशात असतो, तो पण म्हणतोय मला घ्या त्यात.

कुणी हे केलं असेल तर नीट सांगा प्लीज, मी तांत्रिक माणूस नाही.

---

दुरुस्ती_वही

ताई, आधी ती नावं परत आणा, बाकी सगळं नंतर. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये आयक्लाउड डॉट कॉम उघडा (आयक्लाउड म्हणजे ॲपलची ऑनलाइन साठवण), तुमच्या आयडीने लॉगिन करा, तिथे डेटा रिकव्हरी म्हणून एक पर्याय आहे, त्यात कॉन्टॅक्ट्स रिस्टोअर करायची सोय आहे. जुन्या यादीच्या तारखा दिसतील, आईने नावं काढली त्याच्या आदल्या तारखेची यादी निवडा. ही सोय ३० दिवसांपुरती असते म्हणून आजच करा. एक लक्षात घ्या, जुनी यादी आणली की आत्ताची यादी तिच्या जागी बदलली जाते, म्हणजे मधल्या काळात एखादा नवीन नंबर सेव्ह केला असेल तर तो आधी कागदावर लिहून ठेवा.

आणि आईंना सांगा की काही बिघडलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला हवंय त्याचं नाव फॅमिली शेअरिंग, २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आलं. म्हणजे तुम्ही एक आयडी वापरायला लागलात तेव्हाही ते होतं, पण कुणी सांगितलंच नसेल तर कळणार कसं, माझ्या ओळखीत निम्म्या घरांत आजही असाच एक आयडी फिरतोय. यात तुम्ही धरून सहा जण बसतात. प्रत्येकाचा आयडी वेगळा, फोटो वेगळे, मेसेज वेगळे, कॉन्टॅक्ट्स वेगळे, फक्त खरेदी एकमेकांना दिसते आणि उतरवता येते.

सगळ्यात महत्त्वाचं, जुना आयडी तुम्ही स्वतःकडेच ठेवा. सगळी खरेदी त्या आयडीच्या नावावर आहे, ती कुठे हलवत बसायची गरज नाही. नवीन आयडी आईला, मुलीला आणि मुलाला करा, आणि तुम्ही ग्रुपच्या ऑर्गनायझर, म्हणजे ग्रुप काढणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या, व्हा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव, त्याच्या आत फॅमिली. आई आणि मुलगी आपला आयडी स्वतः काढू शकतात, तुम्ही फक्त आमंत्रण पाठवायचं. मुलगा १३ च्या आतला आहे म्हणून त्याचा आयडी तुम्हालाच फॅमिलीमधून लहान मुलाचं खातं म्हणून काढावा लागेल, आणि तिथे जन्मतारीख खरी टाका, खोटी टाकून मोठा दाखवू नका, नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात.

मग परचेस शेअरिंग, म्हणजे खरेदी वाटून घ्यायची सोय, चालू करा. त्यानंतर आईच्या फोनवर ॲप स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात फोटोचं गोल चिन्ह दाबलं, आत खरेदीची यादी उघडली की तुमचं नाव दिसेल, तुमच्या नावात गेलं की तुम्ही घेतलेली ॲप्स, त्यांच्यासमोर ढगाचं चिन्ह. ढग दाबला की ॲप उतरतं, पैसे परत लागत नाहीत.

---

कोरापान

वरचं सगळं बरोबर आहे, चित्रकलेच्या ॲपबद्दल मी लिहितो कारण याच गोष्टीत बहुतेक लोक फसतात.

ॲपचे पैसे तीन तऱ्हेने जातात आणि तिन्हींना नियम वेगळा आहे. उतरवतानाच पैसे भरले असतील तर ते ॲप बहुतेक वेळा फॅमिलीला मिळतंच. ॲप स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर खाली जा, फॅमिली शेअरिंगला सपोर्ट आहे असं तिथे लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

ॲप फुकट आणि आत पैसे भरून कुलूप उघडलं, हा तुमचा प्रकार. इथे ॲप बनवणाऱ्याच्या हातात आहे. २०२० पर्यंत असली आतली खरेदी शेअर व्हायचीच नाही, त्यानंतर ॲपलने परवानगी दिली पण ती चालू करायची की नाही हे बनवणारा ठरवतो. काहींनी चालू केली, काहींनी नाही. त्याने केली असेल तर मुलांनी आपापल्या आयडीवर ॲप उतरवायचं आणि ॲपच्याच सेटिंगमध्ये रिस्टोअर परचेस असं बटण असतं ते दाबायचं. ते न दाबता लोक म्हणतात पैसे परत मागतंय. आधी रिस्टोअर दाबा, मग काय ते ठरवा. आणि गेममधली नाणी, हिरे, जास्तीचे जीव, म्हणजे वापरलं की संपतं असं जे काही असतं ते कधीच शेअर होत नाही, त्याच्या मागे लागू नका.

सबस्क्रिप्शनचं पण तसंच, बनवणाऱ्याने मुभा दिली असेल तरच. सेटिंग्जमध्ये तुमच्या नावात सबस्क्रिप्शन्स उघडलं की फॅमिलीबरोबर शेअर करायचं बटण दिसतं, ते बंद असलं तर बाकीच्यांना मिळणार नाही.

त्यामुळे आयडी वेगळे करायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि तुम्ही पैसे भरलेली ॲप्स कागदावर लिहा, समोर लिहा पैसे कधी भरले, उतरवताना, आत, की दर महिन्याला. आमच्या घरी अशी अकरा निघाली, त्यातली सात सरळ मिळाली, दोन रिस्टोअर करून मिळाली आणि दोन नाहीच मिळाली. त्या दोनांपैकी एका ॲपवाल्याला मी मेल टाकला तर त्याने पुढच्या काही आठवड्यांत शेअरिंग चालू केलं, म्हणजे छोट्या ॲपवाल्यांना विचारायला हरकत नाही, बऱ्याचदा त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

भावाचं मात्र जमणार नाही बहुतेक. त्याचा आयडी दुसऱ्या देशाचा असणार, आणि खरेदी शेअर करायला सगळ्यांच्या आयडीचा देश एकच लागतो. फक्त यासाठी त्याने देश बदलू नये, तिथली स्थानिक ॲप्स आणि पैसे भरायची सोय सगळंच त्यात अडकतं.

---

पायवाट

अँड्रॉइडचं मी सांगते. आयफोनवर घेतलेलं ॲप अँड्रॉइडवर जात नाही, दुकानं दोन आणि त्यांच्या वह्या पण दोन. अपवाद म्हणजे ज्या गोष्टी ॲप स्टोअरच्या नाही तर स्वतःच्या खात्यावर चालतात त्या. उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली (वर्ड, एक्सेल वगैरे) घेतलं तर सहा जणांपर्यंत प्रत्येकाला स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर मिळतं, प्रत्येकाला १ टीबी जागा, आणि कुणाकडे आयफोन कुणाकडे अँड्रॉइड याने काही फरक पडत नाही. मिश्र घर असेल तर घेताना असंच बघून घ्यावं असं माझं मत आहे.

अँड्रॉइडवर घरात दुसरं कुणी असेल, म्हणजे जुना टॅब वगैरे, तर गूगल प्लेची फॅमिली लायब्ररी आहे. २०१६ च्या जुलैमध्ये सुरू झाली, एक फॅमिली मॅनेजर आणि बाकी पाच. सगळे एकाच देशातले लागतात, आणि ऑफिसचं खातं चालत नाही, साधं जीमेलचं लागतं. यात एक गोष्ट आयफोनपेक्षा कडक आहे, आतली खरेदी फॅमिली लायब्ररीतून मिळत नाही, फक्त उतरवताना पैसे भरलेली ॲप्स. आणि लायब्ररी सुरू व्हायच्या आधी घेतलेलं ॲप असेल तर ते बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच त्यात टाकता येतं. सुरुवातीला विचारतात की घेतलेलं सगळं आपोआप टाकायचं की एकेक निवडून, मी एकेक निवडून ठेवलंय, ॲपच्या पानावर फॅमिली लायब्ररीचं बटण असतं ते चालू केलं की झालं.

---

शेवटचा_बाक

मी थोडं वेगळं सांगतो, ऑर्गनायझर कोण होणार हे नीट विचार करून ठरवा. ही गोष्ट मला पार भोवली आहे.

आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी मोठ्या भावाने ग्रुप काढला, मी, वहिनी, आई-बाबा सगळे त्यात. मोठी खरेदी सगळी त्याच्या आयडीवर, मी नोट्स लिहायचं ॲप वापरायचो ते पण त्यानेच घेतलेलं. मग माझं लग्न झालं, बायकोच्या घरचा वेगळा ग्रुप होता, तिकडे जागा होती, मी काही विचार न करता इकडून निघालो आणि तिकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये नोट्स उघडायला गेलो तर ॲप फोनवर दिसतंय, चिन्ह जागेवर आहे, पण उघडेना, आता हे तुमच्याबरोबर शेअर केलेलं नाही असा निरोप. समोर सहा माणसं बसलेली आणि माझे सगळे मुद्दे त्या ॲपमध्ये. तोंडी बोलून कसंबसं निभावलं. संध्याकाळी ॲप स्वतःच्या पैशाने घेतलं तेव्हा नोट्स परत दिसल्या, तोपर्यंत जीव टांगणीला.

म्हणून सांगतो, ग्रुप सोडला की दुसऱ्याच्या नावावरची ॲप्स फोनवरून पुसली जात नाहीत पण चालायची बंद होतात. आणि परत जुन्या ग्रुपमध्ये यावं म्हटलं तर एका वर्षात एकदाच ग्रुप बदलता येतो, त्यामुळे मी वर्षभर तसाच राहिलो. गूगलचं पण १२ महिन्यांचंच आहे.

दुसरं, ऑर्गनायझरचं पद कुणाला सोपवता येत नाही. बदलायचं असेल तर ग्रुप मोडायचा आणि दुसऱ्याने नव्याने काढायचा. त्यात १३ च्या आतलं मूल असेल तर त्याला आधी दुसऱ्या फॅमिलीत हलवल्याशिवाय ग्रुप मोडताच येत नाही. तुमच्या मुलाचं खातं काढायच्या आधीच हे पक्कं करा.

---

निळीशाई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये. नावं परत आली! डेटा रिकव्हरीमध्ये चार दिवसांपूर्वीची यादी होती ती आणली, एकच नवीन नंबर मध्ये सेव्ह केलेला तो लिहून ठेवलेला होता. आईला दाखवलं तर डोळ्यात पाणी आलं तिच्या.

ऑर्गनायझर मीच राहणार, त्यात आता शंका नाही. भावाला समजावून सांगितलं. कोरापान, कागदावर यादी केली, नऊ निघाली.

आता दोन भीत्या उरल्यात. एक म्हणजे आईच्या फोनवरून माझा आयडी काढला की तिचे फोटो आणि त्या बीपीच्या नोंदी जातील का. दुसरी म्हणजे सगळे वेगळे झाल्यावर पैसे कुणाच्या कार्डातून जाणार, मुलीने काही घेतलं तर?

---

दुरुस्ती_वही

आईच्या फोनचं घाई न करता करा, सुट्टीच्या दिवशी, वायफाय आणि चार्जर लावून. मी माझ्या सासूबाईंच्या फोनचं केलं तेव्हा पूर्ण दुपार गेली होती पण काही हरवलं नाही.

सगळ्यात आधी फोन कॉम्प्युटरला जोडून पूर्ण बॅकअप घ्या, म्हणजे काही उलटंसुलटं झालं तर मागे फिरता येईल.

मग फोटो. आईच्या फोनवर फोटोंच्या सेटिंगमध्ये जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर फोनमध्ये फक्त छोट्या प्रती असतात, खरे फोटो आयक्लाउडवर, आणि तो आयक्लाउड तुमचा. त्यामुळे आधी मूळ फोटो फोनवरच ठेवा हा पर्याय निवडा आणि सगळे उतरेपर्यंत थांबा. फोनमध्ये तेवढी जागा नसेल तर आईचे म्हणून जेवढे फोटो आहेत तेवढे निवडून आधी कॉम्प्युटरवर घ्या आणि नंतर परत फोनमध्ये टाका. शेअर्ड अल्बममधून पाठवायचा शॉर्टकट करू नका, त्यात फोटो लहान होतात.

साइन आउट करताना फोन विचारतो की कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर वगैरेची प्रत या फोनवर ठेवायची का, तिथे हो म्हणा. म्हणजे तुमची माणसं पण आईच्या यादीत राहतील, पण नवीन आयडी टाकून झाला की ती यादी आईची स्वतःची झाली, मग तिला अनोळखी नावं खुशाल काढू दे, तुमच्याकडचं काही जाणार नाही. क्रम मात्र चुकवू नका, आधी आयडी बदला, मग नावं काढा.

व्हॉट्सॲप फोन नंबरवर चालतं त्यामुळे आयडी बदलल्याने त्याला काही होत नाही, पण त्याचा बॅकअप तुमच्या आयक्लाउडवर होता, तो नवीन आयडीवर एकदा हाताने घ्या. नवीन आयडीवर फुकट जागा फक्त ५ जीबी असते, तुमचा विकतचा आयक्लाउडचा प्लॅन असेल तर तो फॅमिलीत शेअर करा, जागा एकत्र वापरली जाते पण एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसत नाहीत.

आता बीपीचं ॲप. जुन्या आयडीने उतरवलेली ॲप्स चालत राहतात, पण अपडेटच्या वेळी तुमचा पासवर्ड मागत बसतात. त्यावर लोक सांगतात की ॲप काढून टाका आणि परत उतरवा. बाकी ॲप्सना ठीक आहे पण या ॲपला तसं करू नका! ॲप डिलीट केलं की फोनमधला त्याचा डेटा पण जातो. आधी त्या ॲपमध्ये एक्स्पोर्ट कुठे आहे शोधा, असल्या ॲप्समध्ये बहुधा पीडीएफ किंवा एक्सेलसारखी फाइल काढता येते, ती काढून स्वतःला मेल करा आणि मेलमधून उघडून बघा की पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सगळं आलंय. त्यानंतर सेटिंग्जमध्ये आयफोन स्टोरेजमध्ये जाऊन ते ॲप ऑफलोड करा, डिलीट नाही. ऑफलोडमध्ये ॲप जातं पण डेटा राहतो. मग आईच्या नवीन आयडीने तुमच्या खरेदीच्या यादीतून ते परत उतरवा. सासूबाईंच्या फोनवर दोन ॲप्सचं मी असंच केलं, दोन्हींचा डेटा जागेवर होता. तरीही एक्स्पोर्ट हातात असल्याशिवाय हात लावू नका.

---

कोरापान

पैशांचं सांगतो. परचेस शेअरिंग चालू असलं की घरातल्यांची खरेदी ऑर्गनायझरच्या कार्डातून जाते, म्हणजे तुमच्या. कुणाच्या आयडीत गिफ्ट कार्डाची शिल्लक असेल तर आधी ती वापरली जाते.

मुलांसाठी आस्क टू बाय आहे. १३ च्या आतल्या मुलांना ते आपोआप चालू असतं, १८ पर्यंतच्यांना तुम्ही चालू करू शकता. मुलाने काही घ्यायचं म्हटलं की तुमच्या फोनवर विचारणा येते, २४ तासांत हो म्हटलं नाही तर ती रद्द होते, त्याला परत विचारावं लागतं. पण यातली एक फट लक्षात ठेवा, घरात आधीच कुणीतरी घेतलेलं ॲप मूल उतरवत असेल तर विचारणा येत नाही. म्हणजे तुम्ही मोठ्यांसाठी घेतलेलं ॲप मुलगा तुमच्या यादीतून न विचारता घेऊ शकतो. त्याच्या आयपॅडवर स्क्रीन टाइममध्ये वयाची मर्यादा लावून ठेवा, ती वेगळी सोय आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. तुम्ही उतरवलेल्या ॲप्सची यादी बाकीच्यांना दिसते, त्यात फुकटची पण येतात. तब्येतीचं, नोकरी शोधायचं, समुपदेशनाचं, असलं काही तुमच्या किंवा आईच्या यादीत असेल आणि ते मुलांना दिसू नये असं वाटत असेल तर स्वतःच्या खरेदीच्या यादीत त्या नावावर डावीकडे बोट सरकवलं की लपवायचं बटण येतं. लपवलेलं ॲप फॅमिलीला दिसत नाही आणि उतरवताही येत नाही. तुमची मुलगी मोठी आहे, तिला हे दाखवून ठेवा, तिचंही खासगी काही असेल. आजीच्या फोनवर मेसेज दिसल्याने जे झालं त्यानंतर तिला तेवढा भरवसा मिळणं मला फार गरजेचं वाटतं.

---

पायवाट

मुलगी कॉम्प्युटरवर गेम खेळत असेल तर एक पटकन सांगते, स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर, पण २०२४ पासून स्टीम फॅमिलीज आहे, सहा जण, एकाच घरातले. एकाच लायब्ररीतले वेगवेगळे गेम एका वेळी दोघं खेळू शकतात, पण तोच गेम दोघांना एका वेळी खेळायचा तर दोन प्रती लागतात. आणि शेअर केलेल्या गेममध्ये कुणी चीटिंग करताना पकडलं गेलं तर ज्याच्या मालकीचा गेम आहे त्याच्यावर पण त्या गेमची बंदी येते, म्हणून भाच्या-पुतण्यांना घेताना विचार करा.

---

निळीशाई

झालं! शनिवार-रविवार मिळून झालं, सगळं लिहिते म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

आईचे फोटो उतरायलाच साडेतीन तास लागले, फोनमध्ये जागा कमी होती म्हणून मधेच थांबलं, मग मुलीने दीड-दोन हजार व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट काढून कॉम्प्युटरवर घेतले तेव्हा पुढे सरकलं. बीपीच्या ॲपमध्ये एक्स्पोर्ट होतं पण ते एका वेळी एकच वर्ष काढत होतं, म्हणून चार वेळा काढलं. आई शेजारी बसून तिच्या वहीतल्या तारखांशी ताडून बघत होती, पहिली नोंद सापडली तेव्हा कुठे तिने ठीक आहे, कर आता, असं म्हटलं. ऑफलोड केलं, परत उतरवलं, उघडलं आणि सगळ्या नोंदी जागेवर. मी दहा मिनिटं नुसती बसून होते.

नऊपैकी पाच ॲप्स सरळ मिळाली. चित्रकलेचं मुलाच्या आयपॅडवर उघडलं तर पैसे मागत होतं, तो रडवेला झाला, मग रिस्टोअर दाबलं आणि उघडलं. मुलीच्या फोनवर पण तसंच. भाषा शिकायचं एक आणि स्कॅनिंगचं एक, ही दोन नाही मिळाली, त्यांच्या पानावर फॅमिली शेअरिंगचं कुठे लिहिलेलंच नाहीये, स्कॅनिंगवाल्यांना मेल केलाय. नववं कुणी वापरतच नव्हतं.

मुलीला लपवायचं बटण दाखवलं. काही बोलली नाही, पण नंतर स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली.

आता एकच विचारायचंय. मुलगी १५ ची आहे, तिला आस्क टू बाय चालू करू का? ती म्हणते मी लहान नाहीये, आणि माझंही मन होत नाही, पण कार्ड माझं आहे.

---

दुरुस्ती_वही

वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा, वहीशी ताडून बघणं हे त्यांनी सगळ्यात बरोबर केलं.

मुलीचं मी असं केलं होतं, माझा मुलगा १४ चा असताना. आस्क टू बाय चालू ठेवलं पण त्याला सांगितलं की विचारणा आली की मी कारण विचारणार नाही, फक्त रक्कम बघेन आणि एका तासात उत्तर देईन. सहा महिने असं केलं आणि मग बंद केलं. त्याऐवजी दर महिन्याला ठरलेल्या रकमेचं गिफ्ट कार्ड त्याच्या आयडीत टाकायला लागलो, शिल्लक आधी वापरली जात असल्याने माझ्या कार्डापर्यंत सहसा गोष्ट येत नाही. मुलीशी बोलून ठरवा, तिला यातलं काय पटतंय ते विचारा.

आणि हो, तुमच्या आयडीचा पासवर्ड आता बदला. सात-आठ वर्षं तो घरात सगळ्यांना पाठ आहे. बदलून झालं की सेटिंग्जमध्ये तुमच्या नावात सगळ्यात खाली उपकरणांची यादी असते, त्यात आईचा फोन, मुलीचा फोन किंवा आयपॅड अजून दिसत असेल तर तिथून काढून टाका, म्हणजे तो सहा आकडी कोड फक्त तुमच्याकडे येईल.

---

निळीशाई

आत्ताच बदलला. यादीत आईचा एक जुना फोन पण होता, तीन वर्षांपूर्वी कपाटात ठेवलेला, तोही काढला.

गिफ्ट कार्डाचं मुलीला विचारलं, लगेच हो म्हणाली.